सभा प्रार्थनेने सुरू झाली

ग्लासगो,
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

प्रिय पप्पा आणि आई,

दोघांना प्रभूच्या नावात सलाम. छोटूलाही सलाम सांगा, आणि म्हणावं, ताईच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवू नकोस, दोन शब्द लिहीत जा.

पप्पा, तुमचं पत्र मिळून आठवडा झाला. फोन रोजच होतो, पण चार पानी पत्राला फोनवर उत्तर दिलं तर ते दिल्यासारखं वाटत नाही, म्हणून आज सुट्टी बघून बसले. आई, घडीत ठेवलेली कढीपत्त्याची पानं पोचली. वाळून काळी पडलीत, पण वास आहे. फोडणीत घालायचं मन होईना, डब्यात ठेवलीत.

आधी तुमच्या काळज्या. तब्येत बरी आहे. सर्दी झाली होती, ती गेली. ड्युटीचं तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात नवीन काही नाही. इथे आता चार वाजताच अंधार पडतो, तेव्हा व्हिडिओवर खिडकीत काळोख दिसला म्हणून आईने घाबरू नये, ती संध्याकाळच असते. सभेहून रात्री नऊच्या बसने घरी येते, हे खरं आहे. पण स्टॉपपासून घर चार मिनिटांवर आहे, रस्त्यावर दिवे असतात, आणि आमच्यातल्या एक बाई मला गाडीने सोडतातही. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा सोडतात.

आणि पप्पा, 'तिकडे जाऊन विश्वास थंड पडला नाही ना' असं तुम्ही लिहिलंत, ते मला लागलं. रविवारची ड्युटी असली की उपासना चुकते, महिन्यातून एखाद-दोनदा. नर्सच्या नोकरीत ते टळत नाही. पण आजाऱ्याच्या उशाशी असते तेव्हा मी देवाच्या नजरेआड असते, असं मला वाटत नाही. लोक देवळात येत नाहीत हे मात्र तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. चर्च ऑफ स्कॉटलंडचे 1950 च्या दशकात तेरा लाखांच्या आसपास सभासद होते, आज तीन लाखही नाहीत. आमच्या देवळात सातशे माणसं बसतील एवढी बाकं आहेत आणि रविवारी येतात साठ-सत्तर. पण ती साठ-सत्तर येतातच. बर्फ पडला तरी येतात. त्यांच्यात बसून माझा विश्वास थंड कसा पडेल?

मला इथे एल्डर केलं, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांत घेतलं, ते तुम्हाला घाईचं वाटलं. एकतीस वर्षांच्या मुलीला मंडळीचे 'वडील' कसं म्हणायचं, असं तुम्ही विचारलंत. इथे बायकांना हे पद 1966 पासून मिळतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसत नाही. मी ते मागितलं नव्हतं. आपल्या पाळकसाहेबांनी दिलेलं सभासदत्वाचं पत्र मी आल्या आल्या इथे दिलं होतं, तीन वर्षं सगळे मला बघत होते, आणि त्यांनीच बोलावलं. मी आठवडाभर प्रार्थना केली, मग हो म्हटलं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. ते राहिलं, ती माझी चूक झाली.

आता तुमच्या देवळाच्या कमिटीचं. तुमची ती दोन पानं मी तीनदा वाचली. सप्टेंबरच्या सभेत काकांनी (नाव लिहीत नाही, तुम्हाला कळलं) सुरुवातीच्या संदेशाला बायबलमधला, येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकले तो उतारा घेतला, आणि देवाच्या घराचा बाजार करणाऱ्यांवर वीस मिनिटं बोलले. अजेंड्यावर पहिलाच विषय होता हॉल बाहेरच्या लग्नकार्यांना भाड्याने द्यायचा की नाही, आणि ठराव तुम्ही मांडणार होता. 'मला उत्तर देता येईना, कारण तो संदेश होता,' असं तुम्ही लिहिलंय. मग प्रार्थनेतही 'प्रभू, पैशाच्या मोहात पडलेल्यांची मनं वळव' असं झालं, आणि सगळ्यांबरोबर तुम्हालाही आमेन म्हणावं लागलं. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, हे मला आईकडून कळलं. तुम्ही ते लिहिलं नाही.

आणि आता तरुण मंडळींनी सूचना आणलीय की सभेतला संदेश बंद करा, दोन मिनिटांची प्रार्थना पुरे, सभा रात्री अकरापर्यंत लांबतात. ज्यांनी तीस वर्षं कमिटीचं इतिवृत्त लिहिलं ते तुम्ही त्या सूचनेला हात वर करायच्या विचारात आहात. 'तिकडे कसं करतात ते कळव,' असं लिहिलंत. कळवते. पण आधीच सांगते, तुम्ही हात वर करू नये असं मला वाटतं.

इथे मंडळीचा कारभार किर्क सेशन बघतं. किर्क म्हणजे इथल्या बोलीत चर्च. सगळे एल्डर आणि पाळक मिळून सेशन होतं, पाळक अध्यक्ष असतात, त्यांना मॉडरेटर म्हणतात. आमच्या पाळक बाई आहेत. सेशनच्या वर प्रेस्बिटरी, म्हणजे आपल्या धर्मप्रांतासारखी, फक्त बिशप नाही. आणि सगळ्यांच्या वर जनरल असेंब्ली, ती मे महिन्यात एडिनबराला भरते. एवढं पुरे, बाकी कमिट्या इथून तिथून सारख्याच.

मला कळेना ती गोष्ट वेगळीच होती, आणि ती मी जरा सविस्तर सांगते, कारण मला समजायलाच दोन सभा लागल्या. पहिल्या सभेला मी पंधरा मिनिटं आधी पोचले. देवळामागच्या लहान हॉलमध्ये टेबलं जोडून मांडली होती, सगळे कोट घालूनच बसले होते, आणि बॉयलरवर जोरात बोलणं चाललं होतं. दुरुस्तीला किती, नवा घेतला तर किती, कुणाचा भाचा स्वस्तात करून देईल. आकडेसुद्धा सांगत होते. मला वाटलं सभा सुरू झाली, म्हणून मी वही काढून लिहायला लागले. शेजारी बसलेल्या आजोबांनी माझ्या वहीवर हळूच तळवा ठेवला. म्हणाले, 'थांब, अजून आपण कॉन्स्टिट्यूट झालो नाही.'

या शब्दाला आपल्याकडे नेमका शब्द मला सापडला नाही. स्थापन होणं म्हणू या. सभा घड्याळाने सुरू होत नाही. कोरम लागतो, पण कोरम भरला म्हणूनही सुरू होत नाही. मॉडरेटर प्रार्थना करतात आणि त्या प्रार्थनेने सभा स्थापन होते. त्याच्या आधी कुणी काहीही बोललं तरी ते सभेत बोललं असं धरत नाहीत. बॉयलरचे सगळे आकडे हवेत गेले, प्रार्थनेनंतर खजिनदारांनी ते पहिल्यापासून पुन्हा सांगितले, आणि कुणी 'हे आत्ताच बोलून झालं' असं म्हटलं नाही. माणसं तीच, खुर्च्या त्याच, पण आता जो बोलेल तो मंडळीच्या सभेत बोलतोय. इतिवृत्तही त्याच क्रमाने. आधी 'सेडरंट' असं लिहून हजर असलेल्यांची नावं. हा लॅटिन शब्द आहे, अर्थ 'ते बसले'. मग वाक्य येतं, सभा प्रार्थनेने स्थापन झाली. आणि सगळ्यात शेवटी, सभा आशीर्वादाने समाप्त झाली. आशीर्वाद झाल्यावर एकाला आठवलं की पार्किंगचं राहिलं. सगळे अजून बसलेलेच होते, पण कुणी तो विषय घेतला नाही. ते पुढच्या सभेत गेलं.

मी क्लार्क बाईंना, म्हणजे सेक्रेटरींना, विचारलं की एखादे वेळी सुरुवातीची प्रार्थना राहून गेली तर? ऑपरेशनआधी हात धुवायचे राहिले तर, असं मी विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

पप्पा, तुम्ही लिहिता, 'आरंभी अमुक यांनी प्रार्थना केली.' ती त्या माणसाने केलेल्या कामाची नोंद झाली. मग पुढच्या वेळी दुसऱ्याला मान द्यावा लागतो, तिसरा रुसतो की मला दोन वर्षांत सांगितलं नाही. इथल्या वाक्यात प्रार्थना कुणी केली त्याचं नाव नसतं. सभेचं काय झालं तेवढंच असतं.

खरं तर मला हे इतकं नवीन वाटायला नको होतं. आजी महिला मंडळाची खजिनदार होती तेव्हा बुधवारी आपल्याच पडवीत सगळ्या जमायच्या. पैशांचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा मधे ठेवलेला असायचा, झाकणावर गंज, एका कोपऱ्याला ठोका पडलेला. शाळेतून आल्यावर मी झाकण उघडायला गेले की आजी डब्यावर हात ठेवायची. 'अजून प्रार्थना झाली नाही.' एकदा कुणाला तरी सुट्टे हवे होते, रिक्षावाला दारात उभा, तरी तिने डबा उघडू दिला नाही, पदराच्या गाठीतले स्वतःचे पैसे काढून दिले. मला तेव्हा ते तिचं वय झाल्यामुळे वाटायचं. त्या आजोबांनी वहीवर हात ठेवला ना, तेव्हा मला आजीचा हात दिसला. नंतर प्रार्थनेत काय शब्द होते ते मी ऐकलेच नाहीत.

आता संदेशाचं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. आमच्या सेशनमध्ये लांब संदेश नसतो. पाळक बाई शास्त्रातला एक लहान उतारा वाचतात, दोन-चार वाक्यं बोलतात आणि प्रार्थना करतात. मी त्यांना तुमच्या कमिटीत काय झालं ते सांगितलं, कुणाचं नाव न घेता. तेव्हा त्यांनी मला इथला जुना इतिहास सांगितला.

1560 मध्ये स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली तेव्हा प्रेस्बिटरी हा प्रकारच नव्हता. त्या वेळच्या पुढाऱ्यांनी सुचवलं की गावोगावी आठवड्यातून एकदा एक बैठक भरावी, तिला ते एक्सरसाइज म्हणायचे. आजूबाजूचे पाळक आणि शिकलेली माणसं जमायची. एकाने शास्त्राचा उतारा उलगडायचा, दुसऱ्याने त्यात भर घालायची, आणि मग बाकीच्यांनी, हे नीट वाचा पप्पा, बाकीच्यांनी त्यावर आपलं मत द्यायचं. उताऱ्याला धरून बोलला का, भलतीकडे गेला का, कुणावर राग काढला का. हळूहळू त्याच बैठकांकडे कारभार येत गेला आणि 1581 मध्ये पहिल्या तेरा प्रेस्बिटरी उभ्या राहिल्या. म्हणजे आपण समजतो की कारभाराच्या सभेला शोभा म्हणून पुढे संदेश जोडलाय. इथे झालं उलटं. संदेशाची बैठक आधी होती, तिच्यात कारभार नंतर आला. आणि त्या बैठकीत बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यांपुढे जाब द्यावा लागायचा.

तुमच्या त्या वाक्याने मला झोप येत नव्हती, 'उत्तर देता येईना, कारण तो संदेश होता.' उपासनेत हे ठीक आहे. रविवारी मंचावरून काही बोचलं तर माणूस घरी जाऊन विचार करतो. पण सभेत, जिथे पाच मिनिटांनी त्याच विषयावर हात वर करायचे आहेत, तिथे एकाने देवाच्या नावाने बोलायचं आणि दुसऱ्याने तोंड मिटून बसायचं, हा संदेश होत नाही. त्यात त्या उताऱ्याचाही अपमान झाला. त्याच उताऱ्यावर तुमच्याकडेही बोलण्यासारखं होतं. येशू तिथे म्हणतो की हे घर प्रार्थनेचं आहे, आणि तुम्ही भाडं मागताय ते देवळाचं छत पावसात गळतं म्हणून. तुम्हाला तेवढं बोलू दिलं असतं तर कदाचित ठराव हरला असता, पण तुम्ही जेवला असता.

आमच्याकडेही गेल्या महिन्यात हॉलचाच विषय आला. माणसं कमी झाली, इमारती तेवढ्याच राहिल्या, म्हणून 2021 च्या असेंब्लीने कायदा केला की प्रत्येक प्रेस्बिटरीने आराखडा करावा, कोणत्या इमारती ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या. आमच्या आराखड्यात रस्त्यापलीकडचा मोठा हॉल सोडायचा आहे. सेशनने प्रेस्बिटरीला काय कळवायचं त्यावर चर्चा होती. वहीवर हात ठेवणारे तेच आजोबा, वय चौऱ्याऐंशी, पूर्वी बस चालवायचे, त्यांचं लग्नाचं जेवण त्या हॉलमध्ये झालेलं, मुलांचे बाप्तिस्म्याचे चहा तिथेच. आवाज चढत गेले. एक बाई म्हणाल्या, आठवणींनी विजेचं बिल भरत नाही. ते आजोबा लाल झाले. मला वाटलं आता उठून जाणार.

ते उठले नाहीत. म्हणाले, 'मॉडरेटर, जरा थांबू या.'

पाळक बाईंनी पेन खाली ठेवलं. मग एकेकाने ठेवलं. कुणी काही बोललं नाही. बॉयलरची घरघर आणि खजिनदारांच्या कानातल्या मशीनची बारीक शिट्टी, एवढंच ऐकू येत होतं. भिंतीवरच्या घड्याळात मी बघत होते, तीन मिनिटं गेली. मग बाईंनी दोन वाक्यांची प्रार्थना केली. ज्यांनी तो हॉल बांधला त्यांच्यासाठी आभार, आणि आम्हाला काय करावं ते कळत नाही, आम्हाला सांग. हॉल ठेव असंही नाही आणि विक असंही नाही. त्या प्रार्थनेला दोन्ही बाजूंनी आमेन म्हणता आलं, आणि सगळ्यांनी म्हटलं.

मग हात वर झाले. नऊ विरुद्ध पाच, हॉल सोडायचा. आजोबांनी आपली असहमती नोंदवायला सांगितली. इथे तो हक्क आहे. ठराव झाला तरी मी याला मान्य नव्हतो असं नावानिशी लिहून घेता येतं. क्लार्क बाईंनी लिहिलं, वाचून दाखवलं. आशीर्वाद झाल्यावर तेच आजोबा आत जाऊन किटली लावून आले. माझा हात त्यांच्या विरुद्ध वर गेला होता, ते त्यांनी बघितलं होतं. मला कप देताना त्यांनी साखर किती ते विचारलं.

आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. मॉडरेटरना सभेत मत नसतं, मतं समसमान पडली तरच त्यांचं एक मत. म्हणजे जी व्यक्ती सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करते, तिला त्या विषयात जिंकायचं नसतं. मला यात फार शहाणपण दिसलं.

म्हणून तुमच्या कमिटीसाठी माझं म्हणणं असं. संदेश बंद करू नका. तो बंद केला की प्रार्थनाही दोन मिनिटांची एक होईल, मग सगळे उभ्याउभ्या म्हणतील, आणि पाच वर्षांनी आपली कमिटी सोसायटीच्या मीटिंगसारखी होईल. ज्याचा आवाज मोठा त्याचं चालेल, तेव्हा त्याला बायबलचीही गरज लागणार नाही. उतारा मात्र बोलणाऱ्याने निवडू नये. त्या दिवसाच्या वाचनाला जो पाठ ठरलेला असेल तोच घ्यावा, मग कुणाला अजेंडा बघून बाण शोधता येणार नाही. दहा मिनिटांत संपवावं, आणि नंतर कुणालाही त्याच उताऱ्यावर दोन वाक्यं बोलता यावीत. ज्याला अजेंड्यावरचा ठराव मांडायचा किंवा पाडायचा आहे, त्याने त्या दिवशी संदेश आणि प्रार्थना दोन्ही दुसऱ्याला द्यावं. हा नियम तुम्हालाही लागू पडेल, पप्पा. आणि मोठ्या विषयावर हात वर करायच्या आधी थांबावं. प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाला घेतलं तेव्हा आधी दोन माणसं पुढे उभी केली, मग प्रार्थना केली, मग चिठ्ठ्या टाकल्या. आपण प्रार्थना सुरुवातीला उरकतो, आणि खरी गरज लागते तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात, सगळ्यांना घरी जायचं असतं.

कुणी म्हणेल हे परक्या देशातलं खूळ. तसं नाही. येत्या शनिवारी, 29 तारखेला, आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला पंचावन्न वर्षं होतील. 1970 मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या, त्यांत या प्रेस्बिटेरियन रीतीची माणसंही होतीच. जे घरात आधीच आहे ते काढून वापरायचंय.

आणि एक सांगू का? काकांच्या घरी नाताळाआधी एकदा जाऊन या. त्यांनी चूक केली, पण वैर म्हणून केली असं मला वाटत नाही. हॉलमध्ये उद्या काय-काय होईल याची त्यांना खरंच भीती असेल. फेब्रुवारीत आजीला ठेवलं त्या दिवशी सगळे निघून गेल्यावर ते एकटे त्या उन्हात मातीचा शेवटचा घमेला पडेपर्यंत उभे होते. तुम्ही रडत होता, तुम्हाला दिसलं नसेल. मी फोनवर बघत होते, छोटूचा हात हलत होता तरी मला दिसलं.

जाता जाता एक गोष्ट आईसाठी. त्या दिवशी चहाला खजिनदारांनी मला विचारलं, तुझं गाव कोणतं? नाशिक म्हटलं, कळलं नाही. शरणपूर म्हटलं, तर शेजारच्या बाई वळून म्हणाल्या, लिव्हिंगस्टनच्या माणसांचं शरणपूर? आफ्रिकेत गेलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनचं जन्मगाव ब्लँटायर इथून जवळच आहे, तिथे त्यांचं संग्रहालय आहे. गुलामांच्या जहाजावरून सुटलेला जेकब वेनराइट आपल्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकला, आणि 1873 मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच वाचली, झाडावर नाव कोरलं, आणि दुसऱ्या वर्षी शवपेटीबरोबर थेट लंडनपर्यंत आला. मी त्यांना सांगितलं की आमचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. आता ती सगळी मंडळी मला शरणपूरची मुलगी म्हणतात. मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

इथपर्यंतचं कमिटीत वाचून दाखवायला हरकत नाही. पुढचं पान घरातलं आहे, ते वेगळं काढा.

पैशाचं. एक तारखेला साठ हजार पाठवलेत. त्यातले पस्तीस छोटूच्या फीचे, बाकी कर्जाचा हप्ता. आता चौदा हप्ते राहिलेत. दर महिन्यापेक्षा दहा कमी आहेत, कारण थंडी सुरू झाली की इथे गॅसचं बिल वाढतं. मी काटकसर करत नाही असं समजू नका. आई, हीटर लावते, उगाच कुडकुडत बसत नाही, शपथ. पुढच्या महिन्यात दोन जादा ड्युट्या मिळाल्यात, तेव्हा भरून काढीन.

नाताळाला येणं जमत नाही. हे तिसरं वर्ष, मला माहीत आहे. सुट्टी ज्यांची लहान मुलं आहेत त्यांना आधी देतात, आणि ते बरोबरच आहे. ईस्टरला येते. 5 एप्रिलला ईस्टर आहे, उत्तम शुक्रवारच्या आधी पोचेन, तीन आठवडे राहीन. तिकीट काढलंय, म्हणूनही या महिन्यात जरा ओढाताण झाली.

पक्क्या मुक्कामाच्या परवान्याचं तुम्ही विचारलंत. माझी पाच वर्षं 2027 मध्ये भरणार होती, पण सरकारचं आता ती अट पाचाची दहा करण्याचं चाललंय. आम्हाला कितपत लागू होईल ते ठरायचंय. तुम्ही चिंता करू नका, नोकरी पक्की आहे.

नगरच्या स्थळाचं. आई, फोटो बघितला. मुलगा चांगला दिसतो, शिक्षक आहे, घरचे लोक देवभिरू आहेत असं आत्या म्हणाली, ते सगळं खरं असेल. पण त्यांना हो-नाही काही कळवू नकोस अजून. इथे माझ्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एक जण आहेत. केरळचे, मार थोमा मंडळीचे, चौतीस वर्षांचे, वडील नाहीत, आई कोट्टायमला असते. आम्ही दीड वर्ष ओळखतो. त्यांनी माझ्यासमोर कधी मोठा आवाज केला नाही. मराठी येत नाही, पण 'सलाम, आई' म्हणायला शिकलेत. नाताळाच्या दिवशी आपल्याकडे दुपार असेल तेव्हा ते फोनवर बोलतील, तुम्ही हो म्हणालात तर. नाही म्हणालात तर मी आधी घरी येईन, आपण समोरासमोर बसू, आणि तोवर मी काही ठरवणार नाही. एल्डरचं मी न विचारता केलं, हे तसं करणार नाही.

हे शेवटच्या पानावर लिहिलं म्हणून रागावू नका. सुरुवात यानेच करायला बसले होते, दोन कागद फाडले.

आणि आजीच्या दगडाचे पंधरा हजार वेगळे पाठवलेत, छोटूच्या खात्यात. ते घरखर्चात घालू नका, छताला तर मुळीच नको. तिचं नाव आणि सालं एवढंच कोरायचं की खाली वचन घालायचं, ते तुम्ही, आई आणि आत्या मिळून ठरवा. पण कारागिराला सांगायच्या आधी मला फोन करा. इथे मध्यरात्र असली तरी चालेल, मी उचलेन.

तुमची लेक